सही आणि सदसद्विवेकबुद्धि

मनुष्य एखाद्या संस्थेंत शिरतो तेव्हां त्या संस्थेचीं मतें आपलींच आहेत असें त्यास प्रामाणिकपणें वाटत असतें. पुढें वर्षें जातात, वाचन वाढतें, विचार पक्व होतो, आणि एके दिवशीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, ज्या मतांखालीं आपण तरुणपणीं सही केली तीं मतें आतां आपलीं राहिलीं नाहींत. संस्था तीच, काम तेंच, उत्पन्नही तेंच. बदललें आहे तें स्वतःचें मन, आणि मन तर कोणास दिसत नाहीं. अशा वेळीं त्यानें काय करावें? जागा सोडावी, कीं जागेवर राहून संस्था सुधारावी, कीं मुकाट्यानें दिवस काढावे?

हा प्रश्न शिक्षकास पडतो, संपादकास पडतो, सरकारी अधिकाऱ्यासही पडतो. परंतु धर्मोपदेशकाच्या बाबतींत तो जितका टोंचतो तितका दुसऱ्या कोणाच्याही बाबतींत टोंचत नाहीं. सुताराचें मत बदललें म्हणून त्यानें केलेला पाट डुगडुगत नाहीं. धर्मोपदेशकाचें तसें नाहीं. शब्द हेंच त्याचें काम, आणि ते शब्द तो इतरांच्या वतीनें, ईश्वरास उद्देशून, उच्चारीत असतो. ते खोटे पडले तर त्याच्या कामांत उरलें काय?

या प्रश्नाचा इतिहास इंग्लंडांत फार लांब आहे. त्यांतील एकच भाग मी आज आपणांपुढें मांडणार आहें. काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. स्थळ यॉर्कशायर परगण्यांतील रिचमंड आणि कॅटरिक हीं जवळजवळचीं दोन गांवें. आणि माणसें बहुतेक एकाच कुटुंबांतलीं. सासरे चर्चमध्यें राहिले. दोघे जांवई बाहेर पडले. एकमेकांवर लोभ असलेल्या या माणसांनीं एकाच प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, म्हणून हें प्रकरण मला विशेष बोधप्रद वाटतें.

प्रथम ही सही म्हणजे काय तें पाहूं. इंग्लंडचें राष्ट्रीय चर्च रोमच्या पोपपासून विभक्त झाल्यावर त्या चर्चचीं मतें निश्चित करण्यासाठीं एकोणचाळीस धर्मकलमें तयार झालीं. इ. स. १५६३ मध्यें त्यांस आकार आला आणि १५७१ मध्यें तीं कायम झालीं. ईश्वराचें त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, हें पहिलेंच कलम. धर्मोपदेशकाची दीक्षा घेतांना, आणि पुढें दर नव्या जागेवर रुजू होतांना, या कलमांखालीं सही करणें भाग असे. १६०४ च्या धर्मनियमांनीं हें बंधन आंवळलें. १६६२ च्या कायद्यानें तर प्रार्थनाग्रंथांतील यच्चयावत् मजकुरास आपली मनःपूर्वक संमति आहे असें सर्वांसमक्ष बोलून दाखविणें आवश्यक केलें. त्या सालच्या २४ ऑगस्टची मुदत ठरली होती. १६६० पासून त्या मुदतीपर्यंत सुमारें दोन हजार धर्मोपदेशकांना आपलीं पदें गमवावीं लागलीं.

जागा गेली म्हणजे काय काय गेलें हेंही समजून घेतलें पाहिजे. त्या काळचा व्हिकर हा गांवाचा पुरोहित तर होताच. पण राहतें घर, सभोंवतालची जमीन, शेतकऱ्यांकडून येणारा धान्याचा किंवा पैशाचा दशांश, आणि गांवांतील मानमरातब हें सर्व त्याच्या पदास चिकटलेलें असे. पद बहुधा तहहयात. आपल्याकडील वतनदाराची स्थिति ज्यांना ठाऊक आहे त्यांना याची कल्पना सहज येईल. फरक इतकाच कीं, हें वतन मुलाकडे जात नसे. म्हणून व्हिकरानें जागा सोडली तर म्हातारपणीं त्याला व त्याच्या पत्नीला डोक्यावर छप्पर कोठलें, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राही.

बाहेर पडून दुसरें प्रार्थनामंदिर काढावें म्हटलें, तर तीही वाट मोकळी नव्हती. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यानें राष्ट्रीय चर्चबाहेरच्या पुष्कळ पंथांना उपासनेची मोकळीक दिली. पण त्रैक्य नाकारणाऱ्यांना तींतून वगळलें. पुढें १६९८ च्या दुसऱ्या एका कायद्यानें अशा मतांच्या प्रचाराबद्दल शिक्षाही ठरविल्या. तेव्हां ज्याचें मन त्रैक्याविषयीं डळमळलें, त्याला चर्चच्या आंत खोटेपणा आणि बाहेर कायद्याचा बडगा, अशी दुहेरी अडचण होती.

आणि मनें तर डळमळूं लागलीं होतीं. खुद्द सर आयझॅक न्यूटन त्रैक्यवादी नव्हते, हें त्यांच्या मागें राहिलेल्या हस्तलिखितांवरून आतां सर्वमान्य झालें आहे. केंब्रिज येथील त्यांच्या प्राध्यापकपदास धर्मदीक्षेची अट लागूं नये अशी राजाज्ञा १६७५ मध्यें मिळाल्यामुळें त्यांची सुटका झाली, आणि आपलें मत त्यांनीं जन्मभर पेटींत ठेविलें. त्यांच्यामागून त्याच पदावर आलेले विल्यम व्हिस्टन यांनीं तेंच मत उघड बोलून दाखविलें, आणि १७१० मध्यें विद्यापीठांतून त्यांची हकालपट्टी झाली. एक गप्प राहिला म्हणून टिकला, दुसरा बोलला म्हणून गेला. हीं दोन उदाहरणें तरुण धर्मोपदेशकांच्या डोळ्यांपुढें होतीं.

या दोहोंमधली वाट सॅम्युएल क्लार्क यांनीं काढली. हे लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथील सेंट जेम्स चर्चचे मुख्य उपदेशक, न्यूटनचे स्नेही आणि त्या काळचे अग्रगण्य तत्त्वज्ञ. १७१२ सालीं त्यांनीं बायबलांतील त्रैक्यविषयक वचनें एकत्र करून त्यांची छाननी केली, आणि पित्याचें स्थान सर्वश्रेष्ठ असल्याचें प्रतिपादन केलें. १७१४ मध्यें धर्मसभेनें हें प्रकरण हातीं घेतलें. क्लार्कनीं मवाळ शब्दांत एक लेखी निवेदन दिलें, आणि प्रकरण मिटलें. त्यांची जागा राहिली. पण त्यानंतर जेथें पुन्हा सही करावी लागेल असें कोणतेंही वरचें पद त्यांनीं घेतलें नाहीं. घरीं मात्र त्यांनीं आपल्या स्वतःच्या प्रार्थनाग्रंथाच्या प्रतींत आपल्या मताप्रमाणें दुरुस्त्या केल्या. १७२९ मध्यें ते वारले. ती प्रत पुढें ब्रिटिश म्युझियममध्यें गेली. तिचें काय झालें तें पुढें येईलच.

आतां आपण यॉर्कशायरकडे वळूं. फ्रान्सिस ब्लॅकबर्न यांचा जन्म १७०५ चा. १७३९ पासून ते रिचमंडचे रेक्टर होते. १७५० मध्यें क्लीव्हलंडचे आर्चडीकनही झाले. ही दुसरी जागा घेतांना त्यांना सही करावी लागली, आणि ती करतांना त्यांचें मन कचरलें. त्यानंतर त्यांनीं निश्चय केला कीं, यापुढें या कलमांखालीं आपली सही पुन्हा पडणार नाहीं. आणि १७८७ मध्यें ते वारले तोंपर्यंत तो निश्चय त्यांनीं पाळला. विद्वत्तेच्या मानानें त्यांना किती तरी वरचीं पदें मिळण्यासारखीं होतीं. तीं सर्व त्यांनीं त्या एका सहीवर ओंवाळून टाकलीं.

१७६६ मध्यें त्यांनीं ‘कन्फेशनल’ या नांवाचा ग्रंथ निनांवी प्रसिद्ध केला आणि मोठें वादळ उठलें. ग्रंथाचा मुद्दा थोडक्यांत असा. प्रॉटेस्टंट पंथाचा पाया म्हणजे प्रत्येकानें शास्त्र स्वतः वाचून स्वतः अर्थ लावावा. असें असतां, दोनशें वर्षांपूर्वींच्या कांहीं माणसांनीं लाविलेला अर्थ आजच्या धर्मोपदेशकांवर सहीच्या जोरानें लादण्याचा अधिकार चर्चला कोठून आला? बायबल हें ईश्वरी वचन आहे एवढें मान्य करणें पुरेसें नव्हे काय? पोपची सत्ता नाकारून आपण पुन्हा कागदी पोप निर्माण केला, असा त्यांचा एकंदर रोख होता.

हीं मतें असतां ब्लॅकबर्न बाहेर कां पडले नाहींत? त्यांना संधि आली नव्हती असें नाहीं. १७६६ मध्येंच लंडनमधील ओल्ड ज्यूरी येथील एका स्वतंत्र मंडळीनें, आपले उपदेशक निवर्तल्यावर, त्यांना सन्मानानें बोलाविलें होतें. त्यांनीं तें आमंत्रण नाकारलें. त्यांची भूमिका अशी दिसते कीं, दोष चर्चच्या उपासनेंत नसून सहीच्या जबरदस्तीत आहे. आणि जबरदस्ती दूर करावयाची तर आंतल्या माणसांनींच झगडलें पाहिजे. घराला गळती लागली म्हणून घर सोडून जाणें हा त्यांना उपाय वाटला नाहीं.

त्यांची सावत्र मुलगी हॅना हिचा विवाह १७६० मध्यें थिऑफिलस लिंडसे यांच्याशीं झाला. लिंडसे यांचा जन्म १७२३ चा, शिक्षण केंब्रिजमध्यें, थोरामोठ्या घराण्यांचा आश्रय त्यांना होता. आयर्लंडच्या राजप्रतिनिधीच्या पदरीं उपदेशक होण्याची संधि चालून आली असतां ती सोडून, सासऱ्यांच्या शेजारीं राहतां यावें म्हणून, त्यांनीं १७६३ मध्यें कॅटरिक या खेड्याची जागा पत्करली. तेथें या जोडप्यानें जें काम केलें तें गांवकरी पुष्कळ वर्षें विसरले नाहींत. लिंडसे रविवारीं मुलांना जमवून शिकवीत. त्यांची पत्नी गोरगरिबांना औषधें देई. चांगला व्हिकर कसा असावा याचा नमुना दाखवा म्हटलें असतें, तर शेजारच्या माणसांनीं कॅटरिककडे बोट दाखविलें असतें.

परंतु मनांत पोखर चालूच होती. त्रैक्य शास्त्रास धरून नाहीं अशी त्यांची खात्री होत चालली होती, आणि दर रविवारीं प्रार्थनाग्रंथांतील शब्द म्हणणें तर चुकत नव्हतें. प्रथम त्यांनीं मनाची एक समजूत काढली. ईश्वर एकच, पिता, पुत्र, पवित्र आत्मा हीं त्याच एका ईश्वराचीं तीन रूपें समजून आपण प्रार्थना म्हणावी. कित्येक वर्षें ही समजूत चालली. मग ती चालेनाशी झाली. कारण ऐकणारा शेतकरी त्या शब्दांचा तसा अर्थ घेत नव्हता हें त्यांना दिसत होतें. बोलणारा एक अर्थ मनांत धरतो आणि ऐकणारा दुसराच घेतो, आणि हें बोलणाऱ्यास माहीत असतें, तेव्हां त्यास सत्य म्हणतां येत नाहीं. लिंडसे यांची पुढील सर्व कृति या एका जाणिवेंतून निघाली असें मला वाटतें.

त्यांच्यापुढें एक ताजें उदाहरणही होतें. आयर्लंडमधील विल्यम रॉबर्टसन या धर्मोपदेशकांनीं अशाच कारणानें १७६४ मध्यें आपल्या जागेचा राजीनामा दिला होता. ते पुढें वुल्व्हरहॅम्प्टन येथील शाळेंत मास्तर झाले आणि अखेरपर्यंत त्याच धंद्यावर पोट भरीत राहिले.

तरीही लिंडसे एकदम निघाले नाहींत. आधीं सर्वांनीं मिळून दाद मागून पाहावी असें ठरलें. १७७१ च्या जुलैमध्यें लंडनमधील स्ट्रँड रस्त्यावरच्या फेदर्स टॅव्हर्न या खाणावळींत समविचारी मंडळी जमली. पार्लमेंटकडे अर्ज करावा, धर्मकलमांखालची सही रद्द करून बायबलावरील श्रद्धेचें प्रतिज्ञापत्र पुरेसें मानावें, अशी मागणी करावी, असा ठराव झाला. अर्जाचा मसुदा ब्लॅकबर्न यांचा. सह्या मिळविण्यासाठीं लिंडसे त्या हिवाळ्यांत बर्फाचिखलांतून सुमारें दोन हजार मैल हिंडले. जेथें जावें तेथें धर्मोपदेशक दार लावून घेऊन खासगींत म्हणत कीं, तुमचें म्हणणें खरें आहे. आणि दार उघडतांच सही करण्यास नकार देत. सर्व मिळून सह्या पडल्या सुमारें अडीचशें, आणि त्यांतही कांहीं वकील व वैद्य यांच्या होत्या. इंग्लंडमध्यें धर्मोपदेशकांची संख्या हजारांनीं मोजण्यासारखी होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा आंकडा किती लहान तें कळतें.

१७७२ च्या ६ फेब्रुवारीस सर विल्यम मेरेडिथ यांनीं हा अर्ज कॉमन्स सभेपुढें आणला. विरोध करणारांत एडमंड बर्क हे प्रमुख होते. बर्क यांचा मुद्दा सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रत्येकानें काय मानावें हा प्रश्न येथें नाहीं. लोकांच्या पैशांतून ज्याला उपदेशासाठीं वेतन द्यावयाचें, त्यानें काय शिकवावें हा प्रश्न आहे. कोणासही धर्मोपदेशक होण्याची सक्ति नाहीं. मग जो आपण होऊन ती जागा घेतो त्यास अटी घालण्याचा समाजाला अधिकार कां नसावा? शिवाय नुसतें ‘बायबल मान्य’ म्हटल्यानें कांहींच ठरत नाहीं, कारण परस्परविरुद्ध मतांचे सर्व लोक बायबलाचाच आधार सांगतात. मतें मोजलीं गेलीं तेव्हां अर्जाच्या विरुद्ध २१७ आणि बाजूनें ७१ पडलीं. १७७४ मध्यें पुन्हा एकदां प्रयत्न झाला, पण त्या वेळीं मतें मोजण्याचीही गरज पडली नाहीं.

आतां खरी कसोटी आली. अर्जाखालीं सह्या करून या अडीचशें लोकांपैकीं धर्मोपदेशकांनीं जगास कळविलें होतें कीं, हें जूं आम्हांस काचतें. अर्ज फेटाळला गेल्यावर त्यांनीं काय करावें? बहुतेक सर्व आपापल्या जागीं परत गेले आणि पूर्ववत् काम करूं लागले. त्यांना भ्याड म्हणणें सोपें आहे. परंतु बायकामुलें, म्हातारपण, आणि ज्या गांवाची पंचवीस वर्षें सेवा केली तें गांव, या तिन्ही गोष्टी ज्याच्या पुढ्यांत आहेत त्यानेंच तो शब्द उच्चारावा.

लिंडसे यांचे परम मित्र जोसेफ प्रीस्टली, प्राणवायूच्या शोधामुळें आपणांपैकीं पुष्कळांस परिचित असलेले शास्त्रज्ञ, त्या वेळीं लीड्स येथें एका स्वतंत्र मंडळीचे उपदेशक होते. दोघांची ओळख १७६९ मध्यें ब्लॅकबर्न यांच्याच घरीं झाली होती. लिंडसे यांनीं राजीनाम्याचा विचार बोलून दाखवितांच प्रीस्टलींनीं वेगळा सल्ला दिला: तुम्हीं स्वतः जाऊं नये, प्रार्थनेंत जे फेरफार योग्य वाटतील ते करून उपासना चालवावी, वरिष्ठांना तें खपत नसेल तर त्यांनीं तुम्हांस काढावें. सल्ला व्यवहाराचा होता आणि लढाऊही होता. परंतु लिंडसे यांनीं तो मानला नाहीं. चर्चनें ज्या अटीवर जागा दिली ती अट आपण मोडावयाची आणि जागा मात्र धरून बसावयाचें, हें त्यांच्या मनास पटेना. पुढें प्रीस्टलींनीं आपल्या आठवणींत मोकळ्या मनानें लिहून ठेविलें आहे कीं, माझ्या सल्ल्यापेक्षां त्यांचाच निर्णय अधिक शहाणपणाचा आणि अधिक धैर्याचा होता.

१७७३ च्या नोव्हेंबरांत लिंडसे यांनीं राजीनामा दिला. वय पन्नास वर्षें. पुढें कोणतीही जागा ठरलेली नव्हती. घरांतील चांदीचीं भांडीं आणि पुस्तकसंग्रहाचा कांहीं भाग विकून पतिपत्नी भर हिवाळ्यांत लंडनला आलीं आणि भाड्याच्या खोल्यांत राहूं लागलीं. कांहीं जुन्या स्नेह्यांनीं पाठ फिरविली. कांहीं नव्यांनीं हात दिला. आपण कां निघालों याचें सविस्तर निवेदन त्यांनीं १७७४ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें, आणि कॅटरिकच्या लोकांसाठीं निरोपाचें एक निराळें पत्रक लिहिलें.

लंडनमध्यें स्ट्रँडलगत एसेक्स स्ट्रीट म्हणून गल्ली आहे. तेथील एसेक्स हाऊस या जुन्या वाड्यांत एका लिलांव करणाराची खोली होती. ती भाड्यानें घेऊन लिंडसे यांनीं १७ एप्रिल १७७४, रविवार, या दिवशीं पहिली उपासना चालविली. जागेची नोंद करण्यास न्यायाधीश प्रथम कांकूं करीत होते. वकील मित्राच्या खटपटीनें तें जुळलें. सुमारें दोनशें लोक आले. त्यांत प्रीस्टली होते, आणि अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिनही होते. प्रार्थना म्हटल्या त्या कोणत्या? सॅम्युएल क्लार्क यांनीं आपल्या प्रतींत केलेल्या त्या दुरुस्त्या लिंडसे यांनीं आधारास घेतल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वीं वारलेल्या, चर्चमध्येंच राहिलेल्या एका विद्वानानें समासांत लिहिलेले शब्द चर्चबाहेर पडलेल्या माणसानें प्रथम मोठ्यानें उच्चारले. आंत राहणाराचें काम कधीं कधीं असें बाहेर फळास येतें.

१७७८ मध्यें त्या जागीं स्वतंत्र मंदिर उभें राहिलें. इंग्लंडांत युनिटेरियन, म्हणजे ईश्वराचें निखळ एकत्व मानणारें, असें नांव उघडपणें घेऊन सुरू झालेली ही पहिली मंडळी. लिंडसे यांनीं १७९३ पर्यंत तेथें काम केलें आणि १८०८ मध्यें ते वारले.

इकडे रिचमंडला काय झालें? ब्लॅकबर्न यांना जांवयाच्या जाण्यानें दुःख झालें. पण तें शेवटचें नव्हतें. त्यांची थोरली मुलगी जेन हिचे पति जॉन डिस्नी हेही धर्मोपदेशकच होते. त्यांनीं कांहीं काळ प्रीस्टलींनीं सुचविलेल्या वाटेसारखीच वाट चोखाळली. नको तीं विश्वाससूत्रें उपासनेंतून गाळून ते आपल्या जागीं राहिले. पण तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. १७८२ मध्यें राजीनामा देऊन तेही एसेक्स स्ट्रीटला लिंडसे यांचे सहकारी म्हणून दाखल झाले. केंब्रिजचे जॉन जेब यांनीं १७७५ मध्येंच आपल्या जागा सोडल्या होत्या. मध्यम वयांत वैद्यक शिकून ते लंडनमध्यें डॉक्टर झाले.

दोन्ही जांवई गेल्यावर लोक म्हाताऱ्या आर्चडीकनांना विचारूं लागले असतील कीं, आपण कां नाहीं? त्या प्रश्नास त्यांनीं लेखी उत्तर देऊन ठेविलें होतें. त्यांच्या मृत्यूनंतर तें छापलें गेलें. जांवयांचें त्रैक्याविषयींचें मत आपणांस मान्य नाहीं, असें त्यांत त्यांनीं स्पष्ट केलें आहे. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वरवर पाहतां सासरे आणि जांवई एकाच मताचे, आणि एकांत धैर्य होतें, दुसऱ्यांत नव्हतें, असें वाटतें. वास्तविक तसें नाहीं. ब्लॅकबर्न यांचा आक्षेप सही घेण्याच्या रीतीवर होता. आणि ती रीति मोडतांना त्यांनीं स्वतः पुन्हा सही केली नाहीं, त्यासाठीं बढतीचें पाणी सोडलें. लिंडसे यांचा आक्षेप दर रविवारच्या प्रार्थनेवर होता. सही जन्मांत दोनचार वेळां करावयाची; प्रार्थना आठवड्यास करावयाची. पहिली टाळून चर्चमध्यें राहतां येतें. दुसरी टाळून व्हिकर राहतां येत नाहीं. दोघेही आपापल्या आक्षेपाशीं प्रामाणिक राहिले.

राहणारांच्या बाजूनें आणखी एक युक्तिवाद प्रसिद्ध आहे. विल्यम पेली या नीतिशास्त्रज्ञांनीं १७८५ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, एकोणचाळीस कलमांतील शेंकडों विधानांवर एकाच माणसाचा अक्षरशः विश्वास बसणें शक्य नाहीं. कायदा करणारांचा हेतु चर्च उलथवूं पाहणाऱ्या विशिष्ट पंथांना दूर ठेवण्याचा होता. तेव्हां जो त्या पंथांचा नाहीं त्यानें सही करण्यास हरकत नाहीं. युक्तिवाद चतुर आहे. परंतु याच पेलींनीं १७७२ च्या अर्जावर सही करण्याचें नाकारतांना, सदसद्विवेकबुद्धि पोसण्याची आपली ऐपत नाहीं, असें विनोदानें म्हटल्याचें सांगतात. विनोद कित्येकदां युक्तिवादापेक्षां अधिक खरें बोलून जातो.

हा प्रश्न एकाच बाजूच्या लोकांना पडला असेंही नाहीं. सत्तर वर्षांनीं ऑक्सफर्डचे जॉन हेन्री न्यूमन यांना उलट दिशेनें त्याच कोंडींत सांपडावें लागलें. त्यांचें मन रोमकडे झुकत होतें. १८४१ मध्यें त्यांनीं एक पत्रिका लिहून, एकोणचाळीस कलमांचा अर्थ रोमन मतांशीं बराचसा जुळवितां येतो असें दाखविण्याचा प्रयत्न केला. केवढा गहजब झाला! १८४३ मध्यें त्यांनीं सेंट मेरी चर्चची जागा सोडली आणि १८४५ च्या ९ ऑक्टोबरला ते रोमन चर्चमध्यें दाखल झाले. लिंडसे आणि न्यूमन यांचीं मतें दोन टोकांचीं. परंतु शब्दांना ताणून अर्थ बसविण्याचा प्रयत्न दोघांनींही केला, दोघांनाही तो पुरा पडला नाहीं, आणि दोघांनींही अखेर जागा सोडली.

मग शेवटीं सुधारणा झाली कीं नाहीं? झाली, पण सावकाश. १७७९ मध्यें चर्चबाहेरच्या उपदेशकांची कलमांवरील सही जाऊन तिच्या जागीं शास्त्रावरील श्रद्धेचें प्रतिज्ञापत्र आलें. ब्लॅकबर्न यांची मागणी प्रथम परक्यांच्या घरीं फळली. १८१३ मध्यें त्रैक्य न मानणारांवरचे दंडक उठले. लिंडसे तें पाहण्यास हयात नव्हते. १८६५ मध्यें खुद्द राष्ट्रीय चर्चमधील सहीचे शब्द पुष्कळ सैल करण्यांत आले. १९७५ पासून तर धर्मोपदेशक जी घोषणा करतो तींत ही कलमें चर्चच्या वारशाचा एक भाग म्हणून येतात. कलमागणिक संमति मागितली जात नाहीं. हें सर्व घडविलें कोणीं? आंत राहून कुरकुर करणारांनीं, कीं बाहेर पडून दाखविणारांनीं? माझ्या मतें दोघांचीही गरज लागली. बाहेर कोणी पडलाच नसता तर ही कुरकुर पोकळ आहे असें चर्चनें धरलें असतें. आणि आंत कोणी उरला नसता तर बाहेरच्याची हांक ऐकण्यास आंत कान राहिले नसते.

या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आलेला आहे. लिंडसे यांनीं उघडलेल्या वाटेनें पुढें गेलेल्या लोकांनीं १८२५ मध्यें ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशन ही संस्था काढली. तिनें दिलेल्या शिष्यवृत्तीवर आपले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्माचा तौलनिक अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनीं मुंबईच्या प्रार्थनासमाजाचें प्रचारकार्य केलें आणि १९०६ मध्यें अस्पृश्योद्धारासाठीं मिशन स्थापन केलें. कॅटरिकच्या व्हिकरानें चांदीचीं भांडीं विकलीं तेव्हां हें फळ त्याच्या स्वप्नांतही नसेल.

श्रोते हो, विचारी माणसाचें मत बदलतें, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तें बदललें म्हणजे लगेच पागोटें उचलून चालूं लागावें असेंही मी म्हणत नाहीं. परंतु राहावयाचें असेल तर राहण्याची कांहीं किंमत द्यावी. ब्लॅकबर्न यांनीं ती बढती सोडून दिली. जावयाचें असेल तर जाण्याची द्यावी. लिंडसे यांनीं ती घरदार सोडून दिली. जो राहतो आणि कांहींच देत नाहीं, त्याला मात्र आपण तत्त्वासाठीं राहिलों असें म्हणण्याचा अधिकार पोंचत नाहीं. आपण कोणत्या कारणासाठीं राहिलों हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें. तें तपासण्याचें कोणतेंही कलम कोणत्याही चर्चला अद्याप लिहितां आलेलें नाहीं.